कोर्टाच्या दारातले जोडे

कळव्याच्या बाजूने खाडीपूल ओलांडून ठाण्यात शिरले की आधी तुरुंगाची भिंत लागते आणि मग कोर्ट नाका. शिक्षा आधी, सुनावणी नंतर. आम्हां कळवेकरांना लहानपणी या क्रमाची मोठी गंमत वाटायची, आता सवय झाली आहे. आजचा धागा यांपैकी दुसऱ्या वास्तूविषयी आहे. न्यायालयात पाऊल टाकताना पायांत काय असावे, डोक्यावर काय असावे आणि तोंडी कोणते शब्द असावेत, एवढाच त्याचा विषय. तो किरकोळ वाटेल. पण याच प्रश्नावरून सुरतेत सरकारी कागदांचे ढीग पडले, दरबानमध्ये एक तरुण बॅरिस्टर भर न्यायालयातून उठून गेला आणि मुंबईत एका न्यायमूर्तीने चक्क न्यायालयच बंद ठेवले. धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

निमित्त घरगुती आहे. आमच्या शेजारच्या एका आजोबांचा जमिनीच्या वाटणीचा दावा बरीच वर्षे चालला आहे. त्यांची साक्ष होती म्हणून मी सोबत गेलो. न्यायालय कोणते, हे येथे महत्त्वाचे नाही. दालनाच्या दाराशी आजोबा थांबले, वाकले आणि त्यांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या. मी म्हटले, "आजोबा, चपला घाला. इथं कोणी काढत नाही." ते म्हणाले, "राहू दे रे बाळा, न्यायदेवतेचं देऊळ आहे हे." मला ते फार आवडले. मग पुकारा झाला, आजोबा पिंजऱ्यात उभे राहिले, आणि समोरच्या वकिलाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हात जोडून "होय साहेब" म्हणत गेले. "वाटणी तुमच्या संमतीने झाली होती ना?" "होय साहेब." ती संमतीने झालेली नव्हती. तेवढेच तर सांगायला ते आले होते! लघुलेखकाने "होय" टिपून घेतले आणि कामकाज पुढच्या तारखेवर गेले.

परतताना पुलावर रहदारीत अडकलो असताना माझ्या मनात आले, आजोबांनी चपला काढल्या तेव्हा ते न्यायालयात शिरले होते की दरबारात?

इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीने मात्र दोन वेगळे ठेवले, आणि हा भेद मोलाचा आहे. दरबारातली अदब मुख्यतः अंतर मोजण्यासाठी असते: सिंहासनापासून कोण किती हातांवर, कोणत्या रांगेत, किती वाकून. १२ मे १६६६ रोजी आग्र्याला औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात शिवाजी महाराजांना जो अपमान वाटला, तो कोणी शब्द बोलून केलेला नव्हता. त्यांना ज्या रांगेत उभे केले होते, ती रांगच बोलत होती. महाराजांनी सिंहासनाकडे पाठ फिरवली आणि दरबारी शिष्टाचाराच्या पुस्तकातला सर्वांत मोठा गुन्हा केला. त्या प्रसंगावर आपण शेकडो धागे वाचले आहेत. माझे म्हणणे इतकेच, की ते जे मोडून निघाले ते दरबारी अंतर होते. न्यायासमोर उभे राहण्याची रीत ही निराळी वस्तू आहे, आणि तिचा स्वतंत्र इतिहास आपल्याकडे आहे.

पेशवाईतल्या एखाद्या वतनाच्या वादाचे कागद पाहा. पंच बसण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी दोघांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज त्या शब्दाचा अर्थ पद सोडणे असा झाला आहे, तेव्हा तो 'आम्ही राजी आहोत, पंच ठरवतील ते मान्य करू' असा होता. मग दोघांच्या तकरिरी लिहून घेत, साक्षीपुरावे होत, आणि निकाल लागला की हरलेल्याने जिंकलेल्याला 'येजितखत' लिहून द्यायचे. आपला दावा खोटा ठरला, पुन्हा या गोष्टीवरून भांडणार नाही, असे स्वतःच्या नावाने कबूल करायचे. मला यात शिष्टाचाराचे बीज दिसते. वाकण्याला येथे फारसा अर्थ नाही, अर्थ आहे तो दिलेल्या शब्दाने बांधून घेण्याला. अर्थात या पद्धतीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी, हरणारा 'गुन्हेगारी' भरी, म्हणजे दोन्हीकडून सरकार खाई. पुरावा कमी पडला तर तापलेल्या तुपात हात घालण्याचे दिव्यही होते. आणि जात त्या पंचायतीच्या दाराबाहेर कोणी काढून ठेवलेली नव्हती.

रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव या ठिकाणी सगळ्यांना आठवेल. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. गोष्ट शाळेत ऐकलेली आहे, म्हणून तिच्यातली शिष्टाचाराची बाजू निसटते. तेथे न्यायाधीश बसलेला नव्हता आणि आरोपी उभा नव्हता. न्यायाधीश चाकर होता आणि आरोपी धनी. अशा वेळी कोणी कोणासमोर कसे वागावे, याची रीत कोठल्याच ग्रंथात नसते.

आता ठाण्याच्या तुरुंगाकडे वळू. त्याच्या भिंतीआडून सुटलेल्यांत त्रिंबकजी डेंगळे (१८१६) सर्वांना ठाऊक आहेत. त्यानंतर बारा वर्षांनी तेथल्या बापू गणेश नावाच्या एका कैद्याने, स्वतः काहीही न करता, मुंबईचे गव्हर्नर आणि सुप्रीम कोर्ट यांची झुंज लावून दिली. मुंबईत १८२४ पासून इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालणारे सुप्रीम कोर्ट होते. १८२८ साली त्या न्यायालयाने दोन हेबियस कॉर्पस आदेश काढले. एक पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलासाठी आणि दुसरा ठाण्याच्या तुरुंगातल्या या बापू गणेशासाठी. माणसाला आमच्यासमोर हजर करा आणि कोणत्या अधिकाराने ठेवले आहे ते सांगा, एवढाच त्यांचा मजकूर. कंपनी सरकारचे म्हणणे असे, की मुंबई बेटाबाहेर या न्यायालयाची सत्ताच चालत नाही.

म्हणणे मांडायला हरकत नव्हती. पण गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि त्यांच्या कौन्सिलने ते मांडले कसे? ३ ऑक्टोबर १८२८ रोजी त्यांनी न्यायमूर्तींना थेट पत्र पाठवले. न्यायमूर्ती चेंबर्स आणि ग्रँट यांना संताप आला तो या रीतीचा. न्यायालयापुढे चाललेल्या प्रकरणाविषयी न्यायाधीशाला पत्र लिहायचे नसते. सांगायचे असेल ते भर न्यायालयात, आपल्या वकिलाच्या तोंडून, दुसऱ्या बाजूच्या देखत सांगायचे असते. गव्हर्नर असला तरी न्यायासनासमोर तो एक पक्षकार. त्याच महिन्यात चेंबर्स वारले आणि सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. सरकारने आदेश पाळला नाही. ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ पासून न्यायालय बंद केले: माझ्या आदेशाची अंमलबजावणी होत नसेल, तर बसून काय करू? प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला. कायद्याच्या मुद्द्यावर ग्रँट हरले. रीतीच्या मुद्द्यावर मात्र मी आजही त्यांच्या बाजूचा आहे. न्यायाधीशाच्या कानात कोणी कुजबुजायचे नाही, हा न्यायालयीन शिष्टाचाराचा पहिला नियम आहे, आणि तो गरिबापेक्षा बलवानाला अधिक लागू आहे. शिष्टाचार म्हटला की आपल्याला वाकलेला गरीब दिसतो, पत्र लिहिणारा गव्हर्नर दिसत नाही.

याच काळात दरबार हळूच न्यायालयाच्या आवारात शिरत होता. १८२७ च्या एका रेग्युलेशनने दख्खनच्या सरदारांचे दिवाणी वाद सामान्य न्यायालयांतून काढून 'सरदारांचे एजंट' या वेगळ्या अधिकाऱ्याकडे दिले. मोठ्या माणसाने सामान्यांच्या रांगेत पुकाऱ्याची वाट पाहणे सरकारला बरे दिसेना. दिवाणी प्रक्रिया संहितेतही सरकारने ठरवलेल्या मानकऱ्यांना जातीने हजर राहण्यापासून सूट देण्याची तरतूद होती. स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या दुरुस्तीने ती सूट राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायाधीश, मंत्री अशा ठरावीक पदांना मुख्यतः उरली. आता सूट आहे ती मुख्यतः पदाला आहे.

आणि मग जोड्यांचे प्रकरण. १८६२ साल, मुंबई इलाख्यातले सुरत. याच वर्षीच्या १४ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, हा योगायोग लक्षात ठेवा. माणेकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थांना न्यायालयात असेसर म्हणून, म्हणजे न्यायाधीशाला सल्ला देणारा पंच म्हणून, बोलावणे आले. ते पारशी पद्धतीचे जोडे घालून गेले आणि दारात अडवले गेले. जोडे काढा. त्यांनी नकार दिला. न्याय देण्याच्या कामात हातभार लावायला बोलावलेला माणूस दारातच अडकला! त्यावरून सरकारशी लांबलचक लिखापढी झाली आणि इतिहासकार आज तिला 'जोड्यांचा प्रश्न' या नावाने ओळखतात.

हा प्रश्न समजून घ्यायला दोन रिवाज शेजारी ठेवावे लागतात. आपल्याकडे आदर दाखवायचा तर डोके झाकायचे आणि पाय उघडे करायचे. बोडक्या डोक्याने वडीलधाऱ्यांसमोर जाणे हे अशुभ आणि उद्धट दोन्ही मानले जाई. इंग्रजाचे उलटे: हॅट काढायची, बूट ठेवायचे. दोन्ही रिवाज आपापल्या घरी शहाणे आहेत. आता सरकारने काय केले? १८५४ च्या एका ठरावाने बंगालमध्ये अशी मुभा दिली, की युरोपीय पद्धतीचे बूट घालून येणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांनी ते काढू नयेत. देशी जोडा घालणाऱ्याला मात्र ती मुभा नव्हती. पाय तोच, माणूस तोच, मान मिळाला तो चामड्याच्या शिलाईला. अधिकाऱ्यांचा बचाव असा, की जोडे काढणे ही तुमचीच परंपरा आहे, आम्ही फक्त ती पाळतो. वरकरणी हे सौजन्य वाटते. एंटी यांनी त्यातली मेख ओळखली.

मेख कोठे आहे हे दिसायला सुरतेहून निघून समुद्रापलीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला जावे लागेल. मे १८९३ मध्ये मोहनदास गांधी नावाचा तेवीस वर्षांचा बॅरिस्टर तेथे उतरला आणि दोनतीन दिवसांतच दादा अब्दुल्ला शेठांबरोबर न्यायालय पाहायला गेला. डोक्यावर पगडी होती. मॅजिस्ट्रेटने टक लावून पाहिले आणि पगडी उतरवायला सांगितले. गांधी उठून बाहेर गेले. बघा हं, सुरतेत इंग्रज अधिकारी म्हणतो, तुमच्या रिवाजाप्रमाणे जोडे काढा. दरबानमध्ये म्हणतो, आमच्या रिवाजाप्रमाणे डोके उघडे करा. दोन्हीकडे एकच रिवाज लावायचा असता, तर सुरतेचा जोडा तरी राहिला असता किंवा दरबानची पगडी तरी. पण निवड होत होती ती दर वेळी समोरचा खाली जाईल अशा रिवाजाची. शिष्टाचार आणि पाणउतारा यांतला फरक ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

तथापि या गोष्टीचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही, कारण त्यात नायक झुकतो. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, गांधींना नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची सनद मिळाली. शपथ झाली आणि मुख्य न्यायाधीशांनी सांगितले, आता पगडी काढा, येथे वकिली करणाऱ्यांनी न्यायालयाचा पोशाखाचा नियम पाळला पाहिजे. गांधींनी ती काढली. अब्दुल्ला शेठांना हे मुळीच रुचले नाही. गांधींनी आत्मकथेत दिलेले कारण थोडक्यात असे, की अंगातले बळ मोठ्या लढ्यांसाठी राखून ठेवायचे होते. माझ्या मते पहिला नकार आणि दुसरा स्वीकार दोन्ही बरोबर होते. पहिल्या वेळी ते एक हिंदी मनुष्य म्हणून हेरले गेले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः मागून घेतलेल्या व्यवसायाचा नियम त्यांच्यापुढे ठेवला गेला. यावर वाद घालायला जागा आहे, हे मी मान्य करतो.

जाता जाता: याच गांधींची मुंबईच्या लघुवाद न्यायालयातली पहिली केस आठवा. ममीबाई नावाच्या बाईची बाजू, तीस रुपये फी. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. केस दुसऱ्या वकिलाकडे सोपवून ते निघून गेले. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्याची ही गत, तर आमच्या आजोबांना बोल कसा लावायचा?

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. १८७९ साली पुण्यात वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणे होते. ते घेणाऱ्यांत गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, होते. हेच काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला जाडेभरडे खादीचे कपडे घालून गेले होते. रेशीम आणि जरीच्या त्या प्रदर्शनात ती खादीच एक निवेदन होती. दरबारात पोशाखाने बोलणारा हा माणूस न्यायालयात मात्र कायद्याच्या कलमांनी बोलला. कोठे कोणते हत्यार चालते, याची पक्की जाण त्यांना होती. फडक्यांना जन्मठेप झाली. एडनला नेण्यापूर्वी त्यांना काही काळ ठेवले होते ते आमच्या खाडीपलीकडच्या याच तुरुंगात. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली तीही येथेच.

रखमाबाईंचे उदाहरण मला याच रांगेत ठेवावेसे वाटते. बालपणी लावलेले लग्न मान्य नाही म्हणून त्यांनी नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिला. मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. विशीतल्या त्या मुलीने आदळआपट केली नाही. जास्तीत जास्त शिक्षा भोगायला मी तयार आहे, पण जाणार नाही, असे तिने कळवले. यात न्यायालयाचा अवमान कोठे आहे? आणि शरणागती तरी कोठे आहे? पुढे तडजोड झाली, तुरुंगाची वेळ आली नाही आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या.

टिळकांच्या १९०८ च्या खटल्याविषयी बोलताना आपण शेवटच्या वाक्यांवर थांबतो, ती उच्च न्यायालयातल्या फलकावर कोरलेली आहेत म्हणून. हा फलक १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते लागला. पण त्या वाक्यांच्या आधीचे एकवीस तास पाहा. १३ जुलैला खटला सुरू झाला, टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि दिवसामागून दिवस ज्यूरीशी बोलत राहिले. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर! आता ते न्यायासनावर होते आणि त्यांनी जामीन नाकारला होता. कोणालाही जुन्या ओळखीचा टोमणा मारण्याचा मोह झाला असता. टिळकांनी वेळ घालवला तो भाषांतरावर. 'केसरी'तल्या लेखांची इंग्रजी भाषांतरे कोठे चुकली आहेत, कोणत्या मराठी शब्दाला कोणती छटा आहे, हे मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीला ते शब्दशः समजावत बसले. नऊपैकी सात जणांनी दोषी ठरवले. २२ जुलैच्या रात्री दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली, आणि तसे करताना टिळकांच्या लेखणीविषयी असे शब्द वापरले, की त्या दालनात त्या रात्री शिष्ट कोण राहिले हे सांगायला इतिहासकाराची गरज पडू नये.

टिळकांच्या त्या वाक्यांना जी धार आहे, ती या आधीच्या संयमाने आली आहे. पहिल्याच दिवशी आरडाओरडा करून बाहेर काढून घेतले असते, तर एकवीस तास मिळालेच नसते. इतिहासाच्या नावाखाली फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये क्रांतिकारक नेहमी न्यायाधीशावर गरजताना दाखवतात. कागदपत्रांतले आरोपी बहुधा याहून शांत आणि म्हणूनच अधिक अडचणीचे असत.

उलट बाजूने सौजन्य आल्याचेही उदाहरण आहे. १८ मार्च १९२२, अहमदाबाद. राजद्रोहाच्या खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी आसनावर बसण्यापूर्वी आरोपीला मान लववून अभिवादन केल्याचे नोंदले गेले आहे. शिक्षा ठरवताना त्यांनी टिळकांच्या खटल्याचे माप पुढे ठेवले आणि तितकीच, सहा वर्षांची, शिक्षा दिली. शिक्षेत एक दिवसाची सूट नव्हती. सौजन्य आणि सवलत या दोन वस्तू वेगळ्या असतात.

मग आज, कोर्ट नाक्यावर उतरणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षित आहे? सिनेमाने पढवलेले आधी विसरावे लागेल. आपल्या न्यायालयात हातोडा नसतो. गीतेवर हात ठेवून शपथ घेण्याचे दृश्यही पडद्यावरचे. गंगाजल आणि कुराणावरच्या शपथा १८४० च्या कायद्यानेच मागे पडल्या, आणि १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा नुसते गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर सांगा, दोन्हींचे वजन सारखे. 'माय लॉर्ड' हा शब्द वसाहतकाळाचा अवशेष असल्याचे बार कौन्सिलने २००६ साली नियमातच लिहिले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात 'युवर ऑनर' किंवा 'माननीय न्यायालय' म्हणावे, खालच्या न्यायालयांत 'सर' किंवा त्या अर्थाचा आपल्या भाषेतला शब्द चालतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या खंडपीठाने 'माय लॉर्ड म्हणा असा आमचा आग्रह नाही, आदराने संबोधा म्हणजे झाले' असा अभिप्राय दिला, त्यात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. तरीही वकिलांच्या तोंडून 'मिलॉर्ड' सुटत नाही. सवय जायला कायद्याहून अधिक वेळ लागतो.

भाषेची गोष्ट त्याहून मोठी आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. टिळकांना ज्या ज्यूरीसमोर आपलीच भाषा परक्या भाषेतून सोडवून दाखवावी लागली, ती अडचण ठाण्याच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्याला आता असू नये. मोडके इंग्रजी बोलणे हा आदर नव्हे.

बाकी नियम थोडे आहेत आणि सकारण आहेत. न्यायाधीश आले की उभे राहायचे, कारण उठून मान दिला जातो तो आसनाला. उद्या तेथे दुसरी व्यक्ती असेल, तेव्हाही तेवढाच उठायचा. वेळेवर यायचे, कारण पुकारा झाला आणि तुम्ही चहाच्या टपरीवर असलात तर निकाल तुमच्यावाचून पुढे सरकतो. मोबाईल बंद. दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, कारण लिहून घेणाऱ्याला एका वेळी एकच आवाज टिपता येतो. कपडे नेटके असावेत, भारी असण्याची गरज नाही. प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हणायचे. यातली एकही गोष्ट तुम्हाला लहान करत नाही. आणि हो, न्यायालये सर्वसाधारणपणे खुली असतात. सुट्टीच्या दिवसांत किल्ले जरूर चढा, पण एखादी दुपार मागच्या बाकावर बसून साक्ष ऐका. दप्तरखान्यातल्या कागदाला आवाज कसा असतो, ते तेथे कळते.

आजोबांच्या पुढच्या तारखेआधी त्यांच्या वकीलबाईंनी त्यांना घरी बोलावून घेतले आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "काका, 'होय' म्हणायच्या आधी मनात एकदा प्रश्न परत म्हणा." फेरतपासणीची परवानगी मिळाली होती. मी परत सोबत गेलो. दाराशी आजोबा थांबले, वाकले आणि त्यांनी याही वेळी चपला काढून भिंतीशी ठेवल्या. या वेळी मी काही बोललो नाही.

पुकारा झाला. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला. आजोबांचे हात जोडलेलेच होते. क्षणभर ते थांबले, ओठ हलले, आणि मग म्हणाले, "नाही साहेब. मला विचारलंच नव्हतं."

न्यायाधीशांनी मान वर करून विचारले, "जरा मोठ्याने सांगाल का?"

आजोबांनी मोठ्याने सांगितले.